मदत हवी आहे: गच्चीवरचा सिनेमा, वारा आणि तुटलेल्या वेलांट्या

मंडळी, इंदूरहून लिहितेय. राजेंद्र नगरात आमची चार मजली बिल्डिंग. निम्म्याहून जास्त घरं मराठी, आणि बहुतेक घरांत आता साठीच्या पुढची दोघंच. उन्हाळ्यात रात्री सगळे गच्चीवर येतात (माळव्यातल्या रात्रींचं कौतुक उगाच नाही), म्हणून यंदा दर रविवारी तिथे आशियाई सिनेमे दाखवायचं घेतलं.

सुरुवात इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?'ने (१९८७) केली. पोरगा चुकून मित्राची वही घरी आणतो आणि ती द्यायला शेजारच्या गावी धावत सुटतो, एवढीच गोष्ट. मला वाटलं अर्धी मंडळी उठून जातील. कोणी हललं नाही. पोरगा आईला परत परत सांगतोय आणि ती ऐकतच नाही, तिथे तळमजल्यावरच्या आजी "अगं बाई, ऐक की त्याचं!" म्हणून ओरडल्या.

पण सबटायटल इंग्रजी. ती भरभर वाचता येत नाहीत म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मोठ्याने अर्थ सांगत होत्या, तोही निम्मा हिंदीत. आता मला जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) लावायचा आहे. म्हातारे आई-वडील मोठ्या हौसेने मुलांकडे टोकियोला जातात आणि मुलांना वेळ नसतो. पुण्या-बंगळूरला मुलांकडे महिनाभर राहून आलेली किमान सहा जोडपी आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत, त्यांना हा काकूंच्या समालोचनात दाखवायचा नाही. म्हणून बसून सबटायटल मराठीत केली. यूटीएफ-८मध्येच (देवनागरी अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) सेव्ह केलीत. लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतात, पण त्याची प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआयची खाच बिघडलीय, आणि पेनड्राइव्ह भाड्याच्या प्रोजेक्टरला लावला की वेलांट्या सुटतात. 'किती'ची पहिली वेलांटी क सोडून ती-ला जाऊन चिकटते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. भाचा म्हणतो, हँडब्रेक नावाच्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळी चित्रातच छापून घे. देवनागरी त्यात नीट उमटते का? कोणी केलंय?

दुसरं म्हणजे वारा. मे महिन्यात इकडे संध्याकाळी काय सुटतो, ते इथल्या लोकांना माहीत आहे. डबलबेडची पांढरी चादर, खालच्या काठात बांबू शिवलेला, तरी शिडासारखी फुगते. ओझूचा कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, आणि आमच्याकडे अख्खं टोकियो डोलणार! फ्लेक्सची मागची पांढरी बाजू ताणून बांधली तर चालेल का, की तो चकाकतो? पाण्याच्या टाकीची भिंत आहे, पण चुना लावायला सोसायटीची परवानगी लागेल आणि अध्यक्षांना हा सगळा उद्योग फारसा पसंत नाही.

वेळेचंही गणित बसत नाही. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पडद्यावर काही दिसायला ७:४० होतात, आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. हातात १४० मिनिटं, सिनेमा १३६ मिनिटांचा. शिवाय आमची मंडळी जेवल्याशिवाय वर येत नाहीत! दोन रात्रींत दाखवू का? मुलं आई-वडलांना अतामीच्या गरम झऱ्यांवर धाडून देतात, तिथे थांबता येईल असं वाटतंय. ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा, की तिथे तोडणं पाप आहे?

हक्कांबद्दलही जाणकारांनी सांगावं. आपल्याकडे चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतात हे वाचलंय. जपानी सिनेमालाही तेच लागू का, आणि नव्याने दुरुस्त केलेली प्रत असेल तर? तिकीट नाही, कैरीचं पन्हं मात्र आहे.

'आधी बॉलिवूड दाखवा, मग हे' असे सल्ले कृपया नकोत, ते घरातच भरपूर मिळतात. प्रोजेक्टर शनिवारी संध्याकाळी येतो. निदान वेलांट्यांचं तरी त्याआधी कळलं तर फार बरं होईल.