प्रिंटर योग्य व्हीलॅनमध्ये, लॅपटॉप मात्र जागचा हलत नाही

रॅक_नंबर_दोन:
सिस्को २९६० एक्स स्विच, लॉगिन तपासायला फ्रीरेडियस ३ सर्व्हर. पोर्टवर ८०२.१एक्स (लॉगिन करून प्रवेश) आणि एमएबी (लॉगिन न करणाऱ्या उपकरणाला मॅक पत्त्यावरून प्रवेश) दोन्ही चालू. पोर्टचं स्वतःचं व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) १०. स्टाफला २०, प्रिंटरला ३० मिळायला हवं. प्रिंटर ३० मध्ये जातो, पण चालू केल्यावर तब्बल दीड मिनिटानं. लॅपटॉप पीईएपीनं (एन्क्रिप्टेड टनेलमधून पासवर्ड पाठवणारी पद्धत) लॉगिन होतो, ‘शो ऑथेंटिकेशन सेशन्स’मध्ये ऑथराइज्ड दिसतो, आयपी मात्र १० चाच. फ्रीरेडियसच्या यूजर्स फाइलमध्ये दोघांनाही व्हीलॅन सांगणारे तिन्ही ॲट्रिब्यूट दिलेत. स्विचमध्ये काय चुकतंय?

पॅचकॉर्ड:
‘एएए ऑथरायझेशन नेटवर्क डिफॉल्ट ग्रुप रेडियस’ ही ओळ आहे का बघा. ती नसली की लॉगिन होतं, पण सर्व्हरनं पाठवलेलं व्हीलॅन स्विच लावतच नाही. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

ट्रंक_पोर्ट:
ती ओळ नसती तर प्रिंटरही १० मध्येच राहिला असता. तेव्हा स्विच सोडा, सर्व्हरकडे बघा.

एमएबीत टनेल नसतो. यूजर्स फाइलमधलं उत्तर थेट स्विचला जातं. पीईएपीत ती फाइल आतल्या टनेलमध्ये वाचली जाते आणि ॲट्रिब्यूट तिथंच राहतात. स्विचच्या हाती पडतो तो बाहेरचा, व्हीलॅनविना ॲक्सेस-ॲक्सेप्ट (‘प्रवेश मंजूर’ हे उत्तर). फ्रीरेडियसची ‘इनर-टनेल’ फाइल उघडा. तिच्या ‘पोस्ट-ऑथ’मध्ये ‘इफ (०)’ असा ब्लॉक आहे, तिथं ० चा १ करा. जुन्या लेखांत ‘यूज टनेल्ड रिप्लाय’ सुचवलेलं असतं. आवृत्ती ३ मध्ये चालतं, पण ते आता मोडीत काढलंय.

मग सर्व्हिस थांबवून ‘फ्रीरेडियस -एक्स’ (सगळा तपशील छापणारा मोड) चालवा. ‘सेंट ॲक्सेस-ॲक्सेप्ट’खाली टनेल-टाइप व्हीलॅन (१३), टनेल-मीडियम-टाइप आयईईई-८०२ (६) आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी २० दिसलं पाहिजे. हेच तिन्ही थोडं वर आतल्या उत्तरातही छापले जातात, त्याला फसू नका. शेवटचं पॅकेट खरं.

पॅचकॉर्ड:
हो, प्रिंटरचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. दीड मिनिटाचं गणित सोपं आहे: टीएक्स-पीरियड (दोन विचारणांमधलं अंतर) ३० सेकंद, पहिली विचारणा आणि दोन फेरविचारणा, म्हणजे ९०. तेवढ्या वेळात स्विच ८०२.१एक्सच्या उत्तराची वाट बघतो, मग एमएबीकडे वळतो. तोवर कित्येक प्रिंटर डीएचसीपीचा (सर्व्हरकडून आयपी मागण्याचा) नाद सोडून स्वतःच घेतलेला १६९.२५४ चा पत्ता धरून बसतात. पोर्टवर ‘डॉट१एक्स टाइमआउट टीएक्स-पीरियड ७’ द्या, २१ सेकंदांत काम होईल. स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्टही (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) हवंच. टीएक्स-पीरियड १ सेकंदावर आणू नका; लॅपटॉप उशिरा जागा झाला तर त्याचाही एमएबी होतो.

रॅक_नंबर_दोन:
लॅपटॉप २० मध्ये आला, प्रिंटरही लवकर उठतो. पण वरच्या मजल्यावरच्या स्विचवर लॅपटॉप आता ऑथराइजच होत नाही. लॉगमध्ये ‘व्हीलॅन नॉट फाउंड’.

ट्रंक_पोर्ट:
त्या स्विचवर व्हीलॅन २० बनवलेलंच नाही. आधी सर्व्हर काही पाठवत नव्हता, म्हणून खपून गेलं. ते बनवा आणि अपलिंकच्या (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टच्या) ‘अलाउड’ यादीत ‘ॲड’ लिहून घाला. ‘ॲड’ विसरलात तर जुनी यादी पुसून फक्त २० उरेल आणि अख्खा मजला बंद पडेल.