टीअर फक्त ३९: डी३चा थर फुटका आहे का?

पेशीवाली: रक्त-मेंदू अडथळ्याच्या मॉडेलवर पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. एचसीएमईसी/डी३ पेशी (माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या) कोलॅजन लावलेल्या १२-वेल इन्सर्टवर (तळाला ०.४ मायक्रॉन छिद्रांचा पडदा असलेला छोटा कप) वाढवते. सातव्या दिवशी चॉपस्टिक इलेक्ट्रोडनं १४५ ओहम आले, रिकाम्या इन्सर्टला ११०. फरक ३५, क्षेत्रफळ १.१२ चौ. सेंमी, म्हणजे टीअर (पेशींच्या थराचा विद्युत रोध) ३९ ओहम·सेंमी². जिवंत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत तो हजाराच्या वर असतो. गाइड म्हणतात थर नीट धरला नाही, पुन्हा कर. तिसऱ्यांदा तेच आलंय. पाझर न मोजताच प्लेट टाकून देऊ का?

मीडियम_बदलला: हायड्रोकॉर्टिसोन घालतेस ना? ५५० नॅनोमोलर. त्याशिवाय आमचा थर सैलच राहायचा.

जुना_पोस्टडॉक: टाकू नकोस! डी३ला बहुतेक ठिकाणी ३० ते ५०च येतो. या आकड्यापायी मी दोन महिन्यांच्या प्लेटा फेकल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. टीअर सांगतो आयन फटींतून किती सुटतात ते. तुझं औषध किती जाईल ते नाही. हजारांत हवा असेल तर आयपीएस पेशींचं (साध्या पेशी मूलपेशींसारख्या करून घडवलेलं) मॉडेल लागतं, पण त्या पेशी खरंच एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) की एपिथेलियल (त्वचा, आतडं यांच्या आवरणाच्या) यावरच वाद आहे.

आणि मोजलंस कधी? प्लेट इन्क्युबेटरबाहेर थंड होत गेली की रोध चढतो. रिकामा इन्सर्ट आणि पेशींचा इन्सर्ट एकाच तापमानाला मोज.

आता पाझर मोजायला सोडियम फ्लुरेसिन (छोटा चमकणारा रंग, ३७६ डाल्टन) आणि ७० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान (साखरेचा मोठा रेणू) लाव. एफआयटीसी रंग जोडलेलं डेक्स्ट्रानही हिरवंच चमकतं, म्हणून वेगळ्या वेलमध्ये. वर ०.५ मिलि, खाली १.५ मिलि, पातळी सारखी नसली तर दाबानंच द्रव उतरतो. डेक्स्ट्रान कोऱ्या इन्सर्टइतकंच गेलं, तर मात्र थराला भोक आहे.

पेशीवाली: लावलं, दादा. डेक्स्ट्रान जवळजवळ अडलं! फ्लुरेसिनचा क्लिअरन्स (वरच्या किती द्रवातला रंग खाली गेला) मिनिटाला १.५ मायक्रोलिटर, कोऱ्या इन्सर्टचा ६. मग १.५ला क्षेत्रफळानं भागू?

जुना_पोस्टडॉक: थेट नको, त्यात पडद्याचाही अडथळा मिसळलाय. तो व्यस्तांतून वजा होतो: १/१.५ − १/६ = ०.५, म्हणजे एकट्या पेशींचा २ मायक्रोलिटर, म्हणजे ०.००२ घन सेंमी. त्याला १.१२ने भाग, मग ६०ने. साधारण ३×१०⁻⁵ सेंमी प्रति सेकंद. कोरे इन्सर्टही कोलॅजन लावलेलेच होते ना?

पेशीवाली: नव्हते. उद्या तीन लावून ठेवते.

जुना_पोस्टडॉक: टीअरचे ११०ही त्याच इन्सर्टांवर पुन्हा घे. गाइडना दाखवताना डेक्स्ट्रानचा आलेख आधी दाखव.