मदत हवी आहे: पियानोच्या दोन ओळखीच्या धुनांची नावे

नमस्कार.

पियानोवरच्या दोन धुना गेली कित्येक वर्षे माझ्या डोक्यात आहेत. जाहिराती, चित्रपटांचे पार्श्वसंगीत, दूरध्वनीवर ताटकळत ठेवताना लावलेले संगीत अशा ठिकाणी त्या इतक्या वेळा कानावर पडल्या आहेत, की पहिले चार स्वर वाजताच पुढचे मी म्हणू शकतो. मात्र नाव सांगता येत नाही आणि नाव ठाऊक नसल्यामुळे पूर्ण रचना शोधून ऐकताही येत नाही. गाण्याची पहिली ओळ हेच बहुधा त्याचे नाव होऊन बसते, पण शब्दच नसलेल्या संगीताच्या बाबतीत स्मरणाला धरायला असे काही उरत नाही. त्यात या रचनांची मूळ नावेही ‘सोनाटा क्रमांक 14’ अशा धाटणीची असतात. ‘मूनलाइट’ हे त्याच सोनाट्याचे नावसुद्धा बीथोव्हेनने दिलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने चांदण्यातल्या सरोवराची उपमा दिली आणि ती चिकटली.

ध्वनिमुद्रण ऐकून नाव सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपचा येथे उपयोग नाही, कारण ते वाजत असलेले ध्वनिमुद्रण आपल्या साठ्यातल्या त्याच ध्वनिमुद्रणाशी जुळवून पाहते आणि माझ्याकडे ध्वनिमुद्रणच नाही. गुणगुणून शोधण्याची सोयही वापरून पाहिली. दोन्ही वेळा भलतीच गाणी समोर आली. (दोष माझ्या गुणगुणण्याचाही असू शकेल.)

म्हणून येथे सरगम लिहून विचारतो आहे. या पद्धतीने एक धून मला पूर्वी सापडली होती: ‘प म प म प रे म ग सा’, यात पहिले दोन म तीव्र, नंतरचा शुद्ध आणि ग कोमल. एका परिचितांनी ही ओळ नुसती वाचून ‘फ्यूर एलीझ’ असे उत्तर दिले. बीथोव्हेनची ही 1810 सालची छोटीशी रचना त्याच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी, 1867 साली छापली गेली, हे मला तेव्हाच कळले.

आता प्रश्नातल्या धुना.

पहिली धून तीन मात्रांची, प्रसन्न आणि ठसठशीत आहे. नुकतेच पियानो शिकू लागलेल्या मुलांच्या हातून ती हमखास ऐकू येते. सरगम अशी: ‘प, सा रे ग म, प, सा सा, ध, म प ध नि, सां, सा सा’. सर्व स्वर शुद्ध आहेत.

दुसरी धूनही तीन मात्रांचीच, पण अतिशय संथ आहे. आधी काही वेळ फक्त डावा हात वाजतो: पहिल्या मात्रेला खर्जातला एक स्वर, दुसऱ्या मात्रेला वर एक मऊ स्वरसंघ आणि तो तसाच रेंगाळतो. अशा दोन स्वरसंघांची झोक्यासारखी ये-जा चालू असते. मग वरून धून येते: ‘ग प म ग नि ध नि सा प’. यातले नि, ध आणि शेवटचा प मंद्रातले आहेत. त्यानंतर मंद्र ग बराच वेळ धरून ठेवलेला आहे. ऐकताना कुठेही पोहोचण्याची घाई जाणवत नाही.

शक्य असल्यास रचनाकाराच्या नावाबरोबर रचनेचा क्रमांक आणि ती एखाद्या मोठ्या रचनेचा भाग असल्यास कितवा भाग, हेही कृपया लिहावे.

प्रतिसाद 1

पहिली धून म्हणजे ‘मिन्युएट इन जी’. योहान सेबास्टियन बाखच्या कुटुंबातल्या, त्याची पत्नी आना माग्दालेना हिच्या 1725 सालच्या वहीत ती उतरवलेली आहे आणि त्यामुळे दीर्घकाळ बाखच्याच नावावर खपली. ती प्रत्यक्षात ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याची असल्याचे पुढे सिद्ध झाले. शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोधा, कारण अनेक ध्वनिमुद्रणांवर अजून बाखचेच नाव असते.

दुसरी धून देब्यूसीची ‘क्लेअर द ल्यून’ असावी. संथ, स्वप्नाळू आणि फ्रेंच वळणाची, एवढे वर्णन तरी जुळते.

प्रतिसाद 2

दुसऱ्या धुनेबद्दल वरील मताशी मी सहमत नाही. ‘क्लेअर द ल्यून’ वरच्या सप्तकात, जोडीने उतरणाऱ्या स्वरांनी सुरू होते आणि तिच्यात खर्ज बऱ्याच उशिरा येतो. धागाकर्त्यांच्या वर्णनात तर खर्जानेच सुरुवात आहे. ही एरिक सातीची ‘जिम्नोपेदी क्रमांक 1’ आहे. 1888 सालच्या तीन रचनांच्या संचातली ही पहिली असून तिच्यावर ‘संथ आणि व्यथित’ अशा अर्थाची फ्रेंच सूचना लिहिलेली आहे. गोंधळ होण्याला एक कारणही आहे: या संचातल्या पहिल्या आणि तिसऱ्या रचनेचे वाद्यवृंदासाठी रूपांतर खुद्द देब्यूसीनेच केले होते.

प्रतिसाद 3

नावे मिळालीच आहेत, म्हणून केवळ पद्धतीविषयी लिहितो. सरगम लिहून विचारण्याची आपली कल्पना ग्रंथालयांत आधीपासून रूढ आहे. 1948 साली बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी सुमारे दहा हजार वाद्यसंगीतातल्या धुनांचा कोश काढला. त्याच्या सूचीत प्रत्येक धून एकाच आधारस्वरावर आणून तिचे स्वर वर्णानुक्रमे लावले आहेत, म्हणजे आपण सगळ्यांचा सा एकच धरतो तसेच. डेनिस पार्सन्स यांनी 1975 साली याहून सोपा मार्ग काढला. त्यात स्वर ओळखावेच लागत नाहीत. पुढचा स्वर चढला, उतरला की तोच राहिला, एवढेच नोंदवायचे. आपल्या मिन्युएटची सुरुवात ‘उतार, चढ, चढ, चढ, चढ, उतार, तोच’ अशी होईल. ज्यांना स्वरज्ञान नाही, पण धून पक्की आठवते, त्यांना हे सहज जमते. या संकेतावर चालणारी शोधाची सोय आता इंटरनेटवरही आहे.

एक सावधगिरी बाळगावी. पियानोवर ऐकलेली प्रत्येक धून मूळची पियानोचीच असते असे नाही. पाखेलबेलचा कॅनन असंख्य जणांनी पियानोवरच ऐकला आहे, पण तो लिहिला होता तीन व्हायोलिन आणि साथीच्या खर्जासाठी.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही रचना ऐकल्या आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. जिम्नोपेदी ऐकताना माझ्या लिखाणातली एक त्रुटी लक्षात आली. पुढे कोणी ही सरगम वापरून शोध घेणार असेल तर त्यासाठी नोंदवून ठेवतो: वरची धून पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही. चार आवर्तने फक्त डावा हात वाजतो, पाचव्या आवर्तनात पहिली मात्रा रिकामी सोडून दुसऱ्या मात्रेवर ग येतो आणि तिसरीवर प. मी इतकी वर्षे तो ग समेवर धरून गुणगुणत होतो.