गूजबेरी म्हणजे आवळाच का? परसातल्या काटेरी झुडपांविषयी

प्रश्न : लीड्सकर

गेल्या हिवाळ्यात आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या ज्या घरात राहायला आलो, त्याच्या परसात कुंपणालगत कमरेएवढी काटेरी झुडपे आहेत. आता मेअखेरीस त्यांना फिकट उभ्या रेषांची, बोराएवढी हिरवी फळे धरली असून शेजारच्या आजी त्यांना गूजबेरी म्हणतात. शब्दकोशात या शब्दापुढे ‘आवळा’ असे दिलेले असल्याने सासूबाईंनी नाशिकहून मोरावळ्याची कृतीसुद्धा कळवली आहे. पण झाडाकडे पाहून माझा विश्वास बसत नाही. या फळाचा मोरावळा होईल का, आणि झुडपांची निगा कशी राखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : पानफूल

आपली शंका रास्त आहे. आवळा हा काटे नसलेला, चिंचेसारख्या बारीक पानांचा वृक्ष आहे, तर गूजबेरी हे काळ्या करंटच्या प्रजातीतले, थंड प्रदेशातले झुडूप असून दोघांची कुळेही निराळी आहेत. एक फळ आडवे कापून पाहावे: आवळ्यात मधोमध कठीण आठळी लागते, गूजबेरीत मात्र पातळ सालीच्या आत बुळबुळीत गर आणि पुष्कळ बारीक बिया दिसतात. इंग्रजीत आवळ्याला ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात. त्यातले ‘इंडियन’ गळाले की असा घोटाळा होतो. रसभरीला तिकडे केप गूजबेरी म्हणतात, ती तर वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, आणि किवीसुद्धा १९५९पर्यंत न्यूझीलंडमधून ‘चायनीज गूजबेरी’ याच नावाने विकले जात असे. क जीवनसत्त्वाच्या आशेने खाणार असाल तर गूजबेरीत ते १०० ग्रॅममागे साधारण २८ मिलिग्रॅम असते, आणि आवळ्यात त्याच्या कितीतरी पट.

उत्तर २ : यॉर्कशरचा माळी

आपण या फळाच्या माहेरीच राहता, असे म्हणायला हरकत नाही. लीड्स ज्या यॉर्कशर परगण्यात आहे, त्यातल्याच एग्टन ब्रिज या गावात सन १८००पासून गूजबेरीचे प्रदर्शन भरते आणि तिथे चवीला नव्हे, वजनाला बक्षीस मिळते. २०१९ साली तिथल्या एका फळाने ६४.८३ ग्रॅम भरून जागतिक विक्रम केला. घरच्या झुडपाकडून अर्थातच तशी अपेक्षा ठेवू नये.

सध्याचे काम म्हणजे विरळणी. जूनच्या सुरुवातीला एकाआड एक फळ काढून स्वयंपाकात वापरावे, म्हणजे उरलेली फळे जुलैत मोठी आणि गोडसर होतात. त्याहून तातडीचे म्हणजे झुडपाच्या मध्यभागी, अगदी खालच्या पानांच्या मागे रोज पाहावे. काळ्या ठिपक्यांच्या हिरव्या अळ्या, म्हणजे गूजबेरी सॉफ्लाय या माशीसारख्या किड्याची पिल्ले, तिथूनच सुरुवात करतात आणि दुर्लक्ष झाले तर थोड्याच दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा उरतात. हातमोजे घालून वेचणे हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. छाटणी हिवाळ्यात करावी आणि मधल्या फांद्या काढून झुडूप आतून मोकळे ठेवावे. वारा खेळला की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, कमी पडते आणि काट्यांतून हात घालणेही सुसह्य होते. फळ जुन्या लाकडावर धरत असल्याने सगळ्याच जुन्या फांद्या एकदम मात्र कापू नयेत.

उत्तर ३ : पुणेकर सुगरण

मोरावळ्याचा बेत सोडावा. आवळा टोचून, वाफवून पाकात मुरवला तरी अखंड राहतो; ही फळे शिजताच फुटून त्यांचा लगदा होईल. बहिणीकडे इंग्लंडमध्ये असताना मी कच्च्या गूजबेरीचा मेथांबा केला होता आणि तो कैरीच्या मेथांब्याइतकाच जमला. पुण्यात मात्र हे झुडूप लावण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याला लांबलचक थंडी लागते. इथल्या वाचकांनी हौस म्हणून कुंडीत रसभरी लावावी.

फळाचे देठ आणि दुसऱ्या टोकाला चिकटलेले सुकलेले फूल कात्रीने काढून टाकावे. तेलात मोहरी, हिंग आणि मेथीदाण्यांची फोडणी करून मेथी तांबूस होताच फळे आणि थोडे पाणी घालावे. साल मऊ झाल्यावरच तिखट, मीठ आणि चवीप्रमाणे गूळ घालावा; गूळ आधी पडला तर साल चिवट राहते. हे फळ आपोआप आळते, त्यामुळे मेथांबा थोडा पातळ असतानाच आच बंद करावी.