प्रतिसाद: मालकी नसली तर पुढची पिढी सांभाळेल का?

वनहक्काने मिळालेली जमीन विकायचा हक्क नसेल तर मुलं जंगल सांभाळणार नाहीत, असं म्हटलं जातं; ते पटलं नाही. वनहक्क कायदा २००६ (आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींचे जंगलावरचे हक्क मान्य करणारा कायदा) चं कलम ४(४) पाहा: हक्क वारसाने मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पती-पत्नी दोघांच्या नावे नोंद होते आणि थेट वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे जातो. ही तरतूद फार विचाराने केलेली आहे. अडचणीच्या एका वर्षात सावकाराकडे जमीन जाण्याची वाट तिने बंद केली.

घोळ वेगळीकडे होतो. लोक स्वतः कसत असलेल्या वनजमिनीच्या वैयक्तिक दाव्यावर (कमाल ४ हेक्टर) थांबतात, आणि कलम ३(१)(झ) चा सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचा, दावा राहूनच जातो. जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क तर त्यातच आहे! त्यासाठी नमुना ‘क’ (Form C) हा दाव्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. दाव्याच्या ठरावासाठी ग्रामसभेत किमान निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. हजेरीपत्रकावर सह्या कमी पडल्या तर ठरावच लंगडा पडतो. दावा मान्य झाल्यावर या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ४(१)(ङ) ची, जंगल आणि वन्यजीव राखण्यासाठीची ग्रामसभेची समिती लगेच नेमा, कारण व्यवस्थापन आराखडा तीच करते.