देणगीदारांच्या दुबार नोंदी कशा एकत्र कराव्यात? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या लहानशा संस्थेची देणगीदारांची यादी एक्सेलमध्ये असून, ती निरनिराळ्या कार्यकर्त्यांनी आपापल्या सवयीने भरल्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन-तीन नोंदी झाल्या आहेत. ‘दीक्षित’ हे आडनाव इंग्रजीत कुठे ‘एक्स’ घालून, तर कुठे ‘के-एस-एच’ने लिहिलेले आहे, कुठे ‘सौ.’ थेट नावालाच चिकटले आहे आणि काही मोबाइल क्रमांकांच्या आधी 91, तर काहींच्या आधी शून्य आहे. पत्त्यांविषयी न बोललेलेच बरे.

आर्थिक वर्ष 2021-22 पासूनच्या 80-जीच्या, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळणाऱ्या, देणग्यांसाठी 10-बीडी हे देणगीदारांचा तपशील आयकर विभागाला कळवणारे विवरणपत्र भरावे लागू लागल्यापासून ही ढिलाई अंगाशी येते, कारण पॅनमधील एक अक्षर चुकले तरी देणगीदाराची वजावट अडकू शकते.

पॅन हा निकष मानून नोंदी जुळवाव्यात, तर जुन्या नोंदींत तो बहुधा नाहीच. मोबाइल मानावा, तर एकाच क्रमांकावर पती-पत्नी दोघांच्याही स्वतंत्र पावत्या आहेत. अशा वेळी आपण कोणता क्रम लावता? शिवाय दुबार नोंद काढून टाकताना तिच्यावरील जुन्या पावत्यांचा संदर्भ कसा टिकवता? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर कळवावे.