जुनं सिनेमा-पार्क कसं सुधारावं? मामांना काय सांगू? (नागपूर)

मामाची_भाची

नमस्कार मंडळी. माझ्या मामांचं शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर एक लहान अम्युझमेंट पार्क आहे. नाव लिहीत नाही, नागपूरकर ओळखतीलच. पंचवीसेक वर्षांपूर्वी सिनेमाची थीम घेऊन काढलं होतं. गेटवर दोन मजली फायबरचा गोरिल्ला, आत डाकूंचा अड्डा, खलनायकाच्या गुहेतून जाणारी टॉय ट्रेन, भूतबंगला, खुर्च्या हलणारं वीस सीटचं थिएटर. शिवाय कोलंबस, आकाशपाळणा, टक्कर गाड्या.

आता गोरिल्ल्याचा काळा रंग उडून तो गुलाबीसर झालाय आणि डाव्या हाताचं एक बोट गळून पडलंय. मागच्या रविवारी एक पोट्टं आईला विचारत होतं, "या माकडाला बरं नाही का?" थिएटरात पहिल्या दिवसापासूनची तीच फिल्म चालू आहे. डाकूंच्या अड्ड्यात बाप पोराला डायलॉग म्हणून दाखवतो, स्वतःच रमतो, आणि वळून बघतो तर पोरगं टक्कर गाड्यांच्या रांगेत.

कर्ज काढून एका मोठ्या राइडचे पैसे उभे राहतील. मामांचं म्हणणं, एक दणदणीत रोलर कोस्टर आणला की गर्दी परत येते. मला पटत नाही, पण मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात माझं मत चहाला दूध किती घालायचं एवढ्यापुरतंच विचारतात. तुम्ही असता तर या पैशात काय केलं असतं?

काटोलरोडकर

ताई, आधी संडास. मजाक नाही करून राहिलो. मागच्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन अशाच एका पार्कात गेलो होतो (कोणतं ते सांगत नाही). लेडीज टॉयलेटला कडी नव्हती, बायको बाहेर आणि पोरगी आत असा पहारा द्यावा लागला. कोस्टर पाच कोटीचा आणा का दहाचा, बाई एकदा वैतागली का ते कुटुंब परत येत नाही.

दुसरं म्हंजे सावली. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश. फायबरच्या सीटवर बसलं का पोट्टे किंचाळतात, मालकाला वाटते राइड भारी आहे.

रूळ_आणि_बेअरिंग

माझी तीस वर्षं यंत्रं सांभाळण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मामांना म्हणावं, कोस्टरची किंमत कोटेशनमध्ये असते त्याहून जास्त त्याच्या मेंटेनन्समध्ये असते. त्यातही सेकंडहँड कोस्टर स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तिथूनच रामराम करा. सुटे भाग मिळत नाहीत, आणि वेल्डिंगमधली बारीक चीर रंगाखाली दिसत नाही. त्यापेक्षा आत्ता जे उभं आहे त्याचं काम करा. कोलंबस आणि पाळण्याच्या सांध्यांची एनडीटी करून घ्या, म्हणजे वस्तू न तोडता आतली चीर शोधणारी तपासणी. लॉक, बेअरिंग, ब्रेक बघून घ्या. त्यात जे निकामी ठरेल ते भंगारात द्या, हळहळू नका.

हलणाऱ्या थिएटरचं मात्र सोपं आहे. यंत्र तेच ठेवा, गोष्ट बदला. फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत 'बॅक टू द फ्युचर'ची सिम्युलेटर राइड २००७ साली बंद झाली. इमारत पाडली नाही, यंत्रणा तीच वापरून २००८ मध्ये तिथे 'सिम्पसन्स' सुरू केली. डिस्नेलँडची स्टार टूर्स १९८७ ची. २०११ मध्ये तिला नवी फिल्म दिली, आणि तीही तुकड्यांत, दर फेरीला तुकडे वेगळे जुळतात. त्यामुळे माणूस दुसऱ्यांदा बसतो. तुमच्या वीस सीटना पाच-पाच मिनिटांच्या चार फिल्म मिळाल्या तरी तेच होईल. फक्त खुर्च्यांची हालचाल प्रत्येक फिल्मबरोबर नव्याने जुळवून घ्यावी लागते. ते आळसाने केलं की पडद्यावर गाडी डावीकडे आणि खुर्ची उजवीकडे. मग ओकाऱ्या.

पिक्चर_पाहिजे_भाऊ

मला वाटतं रोग राइडमध्ये नाही, थीममध्ये आहे. सिनेमा राइडपेक्षा लवकर म्हातारा होतो. फ्लोरिडाच्या युनिव्हर्सलमधलाच 'जॉज' सिनेमाचा शार्क घ्या. १९९० मध्ये सुरू झाला, पाण्यातली यंत्रं चालेनात म्हणून लगेच बंद, १९९३ ला पुन्हा चालू, आणि जानेवारी २०१२ मध्ये कायमचा बंद. त्या जागी २०१४ ला हॅरी पॉटरची गल्ली उभी राहिली. तोच शार्क हॉलिवूडच्या स्टुडिओ टूरमध्ये १९७६ पासून अजून उसळ्या मारतोय! तिथे तो ट्राममधून जाता जाता दिसणारा एक थांबा आहे, त्याच्या एकट्याच्या जिवावर कुणी तिकीट काढत नाही.

आणि आपलं बॉलिवूड? दुबईत २०१६ ला बॉलिवूड पार्क्स उघडलं. शोले, लगान, दबंग, डॉन, सगळ्यांची रीतसर थीम. २०२३ ला कुलूप. पैसा त्यांच्याकडे तुमच्या मामांपेक्षा नक्कीच जास्त होता.

थीमच काढून टाका. वॉटर पार्क करा. नागपूरला पाणी पाहिजे.

मामाची_भाची

@काटोलरोडकर, कडीचं मामांना सांगितलं. म्हणाले, "आपल्याकडे सगळ्या कड्या आहेत." मी फोटो दाखवला. गप्प झाले.

@पिक्चर_पाहिजे_भाऊ, वॉटर पार्क नको. उन्हाळ्यात बोअर आटते, टँकर लागतात, आणि शहराच्या आसपास ते दुसऱ्यांकडे आहेतच. शिवाय थीम काढली तर गोरिल्ल्याचं काय करू? लोक फोनवर "गोरिल्ल्यापाशी उभा राहा" असं सांगून भेटतात. बसवाले त्याच नावाने स्टॉप पुकारतात.

कोर्टाची_पायरी

गोरिल्ल्याला हात लावण्याआधी भिंतींकडे बघा. नटांची कटआउट्स आणि हातात बंदूक घेतलेल्या ओळखीच्या चेहऱ्यांची चित्रं तिथे असणारच, बरोबर? पंचवीस वर्षांपूर्वी कुणी विचारत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय वापरायला मनाई करणारा आदेश दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने तसाच आदेश झाला, त्यात 'झकास' हा शब्दसुद्धा आला. "झकास राइड" असा बोर्ड त्यांच्या फोटोखाली असेल तर आजच उतरवा.

दिवसभर भोंग्यावर गाणी वाजत असतील तर त्यालाही परवाना लागतो. तो देणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांची नावं मामांच्या मॅनेजरला विचारा, चेहऱ्यावरूनच कळेल घेतलाय की नाही.

आता उपयोगाचं. १९५७ च्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला १९६४ पर्यंतचे सिनेमे मोकळे झाले. मात्र त्यातल्या गाण्यांचा हिशोब वेगळा, तिथे गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजतात. मूकपट सगळ्यात निर्धास्त.

खडखडाट

मी साउंडमध्ये काम करतो, मूळचा नागपूरच्या महाल भागातला. वरच्या मूकपटाच्या ओळीवरून सुचलं.

सिनेमा म्हातारा होतो, पण सिनेमातली बनवाबनवी म्हातारी होत नाही. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा धावतो. पातळ पत्रा हलवला की ढग गडगडतात. कढईत काही तळलं आणि माइक जवळ धरला की पाऊस पडतो. मी हे एकदा भाच्याच्या शाळेत केलं. मुलांना बाहेर काढायला शिपाई बोलवावा लागला.

तुमच्या डाकूंच्या अड्ड्यात एवढंच करा. पडद्यावर मूकपटातला दोन मिनिटांचा पाठलाग, समोर टेबलावर करवंट्या, पत्रा, परातीत वाटाणे, जुनी छत्री (ती पटकन उघडली-मिटली की पंखांची फडफड होते). दहा मुलांनी आवाज द्यायचे, रेकॉर्ड करायचं, लगेच ऐकवायचं, आणि क्लिप आईच्या मोबाइलवर. यंत्राचा खर्च म्हणाल तर एका टक्कर गाडीइतकाही नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं, भांडवल देणाऱ्यांना सिनेमा म्हणजे काय ते दाखवायला. तसा एक कॅमेरा संत्र्याच्या कलमावर लावून ठेवा. सहलीला आलेली शाळा सहा महिन्यांनी लिंक उघडून बघेल.

भूतबंगल्यातले प्लास्टिकचे सांगाडे फेकून द्या. ४५ अंशात तिरपी लावलेली मोठी काच, बाजूला अंधारात लपवलेला माणूस आणि त्याच्यावर हळूहळू वाढणारा दिवा. काचेत भूत उभं राहतं, आरपार दिसणारं. १८६२ साली लंडनमध्ये पेपर नावाच्या गृहस्थांनी हे दाखवून लोकांची झोप उडवली होती, आणि डिस्नेलँडच्या १९६९ च्या भूतबंगल्यात आजही तीच युक्ती आहे. बाहेर पडताना मुलांना काच दाखवा. भीती जाते आणि दुसऱ्या फेरीला ती मित्रांना घेऊन येतात, मास्तर बनून.

पिक्चर_पाहिजे_भाऊ

छान आहे, पण हेच डिस्नेने करून सोडून दिलंय. १९८९ चं त्यांचं फ्लोरिडातलं स्टुडिओ पार्क "सिनेमा कसा बनतो" यावरच उभं होतं. बॅकलॉट टूर २०१४ मध्ये बंद, सिनेमांतून फिरवणारी मोठी राइड २०१७ मध्ये बंद. आता सगळं घरबसल्या यूट्यूबवर दिसतं. कोण तिकीट काढेल?

खडखडाट

तिथे लोकांना ट्राममध्ये बसवून दाखवत होते, आणि पुढे पुढे त्या स्टुडिओत खरं शूटिंगच उरलं नव्हतं. रिकामं घर कोण बघणार. हॉलिवूडची टूर १९६४ पासून चालू आहे कारण तिथे खरोखर काम चालतं. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचंही तसंच. मी बघायला नाही, करायला लावा म्हणतोय. यूट्यूबवर करवंटी हातात येत नाही.

वडसा_पॅसेंजर

मी झाडीपट्टीचा, म्हंजे पूर्व विदर्भातला. तुमच्या पार्कात डान्सचा स्टेज असंल ना, रिकामा? आमच्याकडं वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्या आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं, शंकरपट (बैलांची शर्यत) असलेल्या गावात तर एका रात्री दोन-तीन. होळी झाली का कलाकार मोकळे. कोनी शेतात, कोनी रंगकामाला. आनि तुमचा उन्हाळा तेव्हाच सुरू होते.

या लोकांना माइक नसला तरी शेवटच्या मानसापर्यंत आवाज पोचवता येते. डाकू द्या, भूत द्या, खलनायक द्या, रोज नवा डायलॉग मारतील. गुहेतल्या टॉय ट्रेनमध्ये मेणाचा पुतळा काऊन ठेवता, जिता खलनायक उभा करा ना. गाडी थांबवून म्हनंल, "तिकीट दाखवा, नाही तर मामाला बोलवतो."

पैसे मात्र नाइटचे नाइटला द्या. आमच्या लोकांना "चेक पाठवतो" सांगनारे लई भेटले.

काटोलरोडकर

आणि टायमिंग बदला राज्या! उन्हाळ्यात सकाळी दहा ते सहा उघडं ठेवून कोनाला भाजता? दुपारी चार ते रात्री दहा करा. रांगेच्या मांडवाला वाळ्याच्या ताट्या लावा, मागून मोठे कूलर. आपली हवा मे महिन्यात कोरडी, तिथं कूलर एसीला मागे टाकते. पाऊस लागला का मात्र काढून टाका, नुसता चिकचिकाट होतो.

खायला थंडगार बर्गर नको. तर्रीपोहे, सांबारवडी, पाटोडी. सावजी रस्सा राइडच्या आधी देऊ नका फक्त.

रूळ_आणि_बेअरिंग

शेवटच्या वाक्याला तांत्रिक अनुमोदन.

मामाची_भाची

उशिरा लिहितेय, सबमिशन होतं. काल मामांना सगळा धागा वाचून दाखवला. दुबईच्या पार्काला कुलूप लागलं ते ऐकून बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. कोस्टरवाल्याला नाही म्हटलेलं नाही, "दिवाळीनंतर बघू" म्हणालेत. आमच्या घरात त्याचा अर्थ नाहीच असतो, पण त्यांच्यासमोर तो बोलून दाखवायचा नसतो.

कड्या बसल्या. भिंतीवरचे ओळखीचे चेहरे पुसायला घेतलेत, मॅनेजर रडकुंडीला आलाय, त्याला एक पेंटर माहीत होता ज्याने ते काढले होते. मी म्हटलं त्याच पेंटरला बोलवा आणि ज्याला हवं त्या गिऱ्हाइकाचा चेहरा पोस्टरवर हाताने रंगवून द्या. मामांना हे कोस्टरपेक्षा जास्त आवडलं. @वडसा_पॅसेंजर, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नाइटच्या पैशांचं लिहून घेतलंय.

गोरिल्ला राहतोय. मूर्तिकारांच्या चितार ओळीतून एक कारागीर आले होते, मारबत-बडग्याचे मिरवणुकीतले पुतळे करणारे. हात लावून म्हणाले, साचा उत्तम आहे, रंग आणि बोट मी करून देतो, पण ते बोट सरळ होतं की वाकडं? कुणालाच आठवेना. मामा म्हणतात सरळ, मामी म्हणते वाकडं, आणि घरात दोन दिवस तेवढाच विषय आहे. जुन्या अल्बममध्ये सगळे फोटो उजव्या बाजूने काढलेले. कुणाकडे २००५ च्या आधीचा गोरिल्ल्यासमोरचा फोटो आहे का? डावा हात दिसायला हवा.

काटोलरोडकर

आहे माझ्याकडे. चौथीची सहल. बोट वाकडं आहे, आणि त्याच्याखाली मी रडून राहिलो. चालंल का?